पिटवरची रात्र: अमेरिकेच्या दक्षिणेतला बार्बेक्यू आणि घरोघरच्या रीती

गिरणगाव_ते_कॅरोलायना | १८ मे

नमस्कार मंडळी,

येत्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मला चाळीस माणसांसाठी तीन पोर्क शोल्डर (डुकराचे खांदे) भाजायचे आहेत, आणि पहिल्यांदाच शेजारी पॉप नसणार आहेत. म्हणून हा धागा.

थोडं मागचं सांगतो. बाबा परळच्या एका गिरणीत सूतकताई खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड उभी राहिलीच नाही. ओळखीतून नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कापड गिरणीत काम मिळालं आणि १९८५ साली आम्ही लेक्सिंग्टनजवळ राहायला आलो. मी तेव्हा सात वर्षांचा. शेजारचे आजोबा फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करायचे. त्यांची नातवंडं त्यांना 'पॉप' म्हणत, म्हणून आम्हीही पॉप म्हणायला लागलो.

त्यांच्या परसात सिमेंटच्या ब्लॉकचा कमरेइतका उंच पिट, म्हणजे मांस भाजायची भट्टी, होता. बाजूला एक जुनं पिंप, त्याला मध्यावर आरपार लोखंडी सळ्या घातलेल्या. सळ्यांवर हिकरी आणि ओकची लाकडं जळायची, निखारे खाली पडायचे. तळाच्या भोकातून लांब दांड्याच्या फावड्याने ते काढायचे आणि पिटमध्ये मांसाखाली पसरायचे. ज्वाळ मांसाखाली न्यायची नाही, फक्त निखारे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक फावडं. ३ जुलैच्या रात्री दहाला सुरुवात झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच चालायचं. बारा वर्षांचा झालो तेव्हा फावडं माझ्या हातात आलं. मुंज झाली तेव्हाही मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

आच बघायची त्यांची पद्धत म्हणजे जाळीच्या उंचीवर तळहात धरायचा आणि मोजायचं. मला घाबरल्यावर इंग्रजी आठवायचं नाही, म्हणून मी 'एक, दोन, तीन' म्हणायचो. मग पॉपही माझ्याबरोबर मराठीत मोजायला लागले. 'पाच'लाच हात काढावा लागला तर आच जास्त. 'आठ'पर्यंत टिकला तर बरोबर. 'बारा' झाले तर आणखी एक फावडं.

आई डुक्कर खायची नाही. पॉपच्या बायकोने, म्हणजे आमच्या ग्रॅनीने, पहिल्याच वर्षी पिटच्या एका कोपऱ्यात आईसाठी वेगळी कोंबडी लावली. आईने बदल्यात कोबीची पचडी नेली, हळद-मोहरीची फोडणी दिलेली. लेक्सिंग्टनला कोबीच्या सॅलडमध्ये मेयोनेज नाही, व्हिनेगर-केचपचं 'डिप' घालतात, त्याला रेड स्लॉ म्हणतात. ग्रॅनीने आईच्या पचडीचं नाव ठेवलं यलो स्लॉ. गेली जवळपास चाळीस वर्षं ४ जुलैला दोन्ही स्लॉ शेजारी शेजारी असतात.

मार्चमध्ये पॉप गेले. खांदा देणाऱ्या सहा जणांत मी होतो. नंतर त्यांच्या मुलीने फावडं आणि जाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, रात्रभर त्यांच्यासोबत जागलेला तूच उरलास.

तर मदत हवी आहे. लाकूड किती लागेल, तासांचा हिशोब कसा धरू? आणि ज्यांच्या घरात किंवा सासरी असा पिट आहे, त्यांनी तिथल्या रीती सांगा. मला सगळं ऐकायचंय.

---

पुणेरी_पाऊस | १८ मे

फार सुंदर लिहिलंय. पण एक शंका. आमच्याकडे गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर पनीर टिक्का, कणसं, चिकन लावतो तेही बार्बेक्यूच ना? मग यात रात्रभर जागायचं कारण काय?

---

गिरणगाव_ते_कॅरोलायना | १८ मे

@पुणेरी_पाऊस, तुम्ही म्हणताय त्याला इथे ग्रिलिंग म्हणतात: मोठी आच, पातळ तुकडे, दहा मिनिटांत जेवण. दक्षिणेत बार्बेक्यू हे नाम आहे. म्हणजे मंद आचेवर, लाकडाच्या धुरात तासन्‌तास शिजलेलं मांस. पॉपच्या घरी कुणी बर्गरला बार्बेक्यू म्हटलं तर ग्रॅनी तिथल्या तिथे सुधारायची.

---

लोन_स्टार_लेले | १९ मे

पॉपना नमस्कार. आता टेक्सासची बाजू मांडतो. (मी बीफ खातो. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी हा प्रतिसाद ओलांडावा.)

ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक लोक येऊन स्थायिक झाले, त्यांनी खाटीकखाने काढले. न विकलेलं मांस धुरावर भाजायचं आणि कागदात बांधून विकायचं, त्यातून इथला बार्बेक्यू घडला. म्हणून आजही ताट नाही, खाटकाचा कागद. मसाला म्हणजे मीठ आणि मिरपूड. लाकूड पोस्ट ओक. सॉसची गरज नाही.

लॉकहार्टमधलं क्रॉइट्झ मार्केट हे बार्बेक्यूचं दुकान १९०० सालचं. मालकाने धंदा मुलांना विकला आणि त्यांच्या पश्चात इमारत मुलीकडे गेली. भाड्यावरून पटेना. १९९९ मध्ये भावाने गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत बांधली. जुन्या पिटमधले पेटते निखारे पत्र्याच्या टबात भरून रस्त्याने नव्या पिटपर्यंत नेले. बहिणीने जुन्या जागेत वडिलांच्या नावाने 'स्मिटीज' काढलं. दोन्ही चालू आहेत. मी दोन्हीकडे जातो, एकाच दिवशी, आणि कुठलं चांगलं ते आजवर ठरवलेलं नाही.

---

चुलीपाशी | १९ मे

@लोन_स्टार_लेले, आपल्याकडे भावाबहिणीचं बिनसलं की म्हणतात, त्यांच्यात विस्तव जात नाही. तुमच्या लॉकहार्टला बिनसल्यावर विस्तवच गेला की हो!

माझी आजी सांगायची, काड्यापेटी वाचवायला शेजारून शेणीवर निखारा आणायचे. तुमचा किस्सा वाचून तीच आठवली.

---

लोन_स्टार_लेले | १९ मे

@चुलीपाशी, वा! हे मी आता प्रत्येक पाहुण्याला सांगणार.

---

मांडवीकाठ | १९ मे

गोंयकार म्हणून एक मुद्दा. पोर्क आणि व्हिनेगर ही जोडी आम्हाला अजिबात नवी नाही. माझा भाऊ शार्लटला असतो. त्याच्याकडे पहिल्यांदा लेक्सिंग्टनचं डिप चाखलं आणि वाटलं, यात थोडी ताडी असती तर! आमच्याकडे नारळाच्या ताडीचं व्हिनेगर सोरपोतेलला आणि विंदालूला. चरबीला आंबट लागतंच, नाहीतर दुसऱ्या घासाला तोंड मिटतं. सोरपोतेल मात्र दोन-तीन दिवस मुरल्यावर खरं लागतं. तुमचं ते पिटवरून उतरल्या उतरल्या.

---

आयडनची_सून | २० मे

मी कॅरोलायनाच्या पूर्व भागातली सून, त्यामुळे धागाकर्त्याशी प्रेमाने भांडणार आहे. :) आमच्याकडे नुसता शोल्डर नाही, अख्खं डुक्कर. आणि डिपमध्ये केचप? सासऱ्यांसमोर म्हणून बघा. आमचं सॉस म्हणजे व्हिनेगर, मीठ, काळी आणि लाल मिरी. संपलं.

आमच्या आयडनमध्ये स्कायलाइट इन नावाचं बार्बेक्यूचं दुकान आहे. पीट जोन्स यांनी १९४७ मध्ये काढलं, आता त्यांच्या घरचेच बघतात. छतावर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा घुमट आहे. आत गेलं की दोन सुऱ्यांचा लाकडी ठोकळ्यावरचा टकटक आवाज येतो. मांस बारीक करताना कुरकुरीत कातडीही त्यातच चिरून घालतात. सोबत पातळ, घट्ट कॉर्नब्रेड.

सासरची रीत सांगते. पूर्वी तंबाखूची तोडणी संपली की 'पिग पिकिन' असायचं. अख्खं डुक्कर जाळीवर, आणि राबलेल्या सगळ्यांनी भोवती उभं राहून हातानेच मांस तोडून घ्यायचं. सासऱ्यांनी तंबाखू सोडून वीस वर्षं झाली, पण ऑक्टोबरमधला तो शनिवार सुटलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला गालाचं मांस काढून दिलं, सगळ्यात मऊ भाग. तो घरच्या माणसालाच मिळतो हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं.

आणि पिट म्हणजे पुरुषांचं काम असं समजू नका. टेक्सासच्या स्नोज बार्बेक्यूत टूट्सी टोमानेट्झ ऐंशी ओलांडल्यावरही मध्यरात्रीनंतर येऊन निखारे ओढायच्या. फक्त शनिवारी उघडणारं दुकान. २००८ मध्ये 'टेक्सास मंथली' मासिकाने राज्यात पहिलं ठरवलं, तोवर आसपासच्या लोकांपलीकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं.

---

रस्सा_वाढा | २० मे

केंटकीहून. पोर्क आणि बीफ दोन्ही न खाणाऱ्या मराठी माणसांनो, ओवेन्सबोरोला या! इथला बार्बेक्यू मटणाचा आहे. चांगल्या वयाच्या मेंढीचं मटण, हिकरीवर रात्रभर, वर वूस्टरशायर आणि व्हिनेगरचं काळं डिप. सोबत बर्गू नावाचा दाट रस्सा. उन्हाळ्यात चर्चच्या सहली असतात, तिथे लांबच लांब पिटवर शेकडो लोकांचं मटण भाजतात. प्रत्येक चर्चचे पिटवाले ठरलेले, वडिलांनंतर मुलगा. मला आमच्या गावच्या जत्रेतली मटणाची कढई आठवते, तिथेही वाढपी घराणी ठरलेली होती.

---

अलिबागचा_वारा | २० मे

पोपटीला विसरू नका! वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं आणि थंडीतली शेकोटी. फरक एवढाच की आमचं तासाभरात होतं.

---

ढवळून_निघालो | २१ मे

माझं मत थोडं वेगळं आहे. पॉपबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, आता पेलेट स्मोकर मिळतात. लाकडाच्या गोळ्या घाला, तापमान लावा, झोपा. सकाळी तयार. मी अटलांटात चार वर्षं वापरतोय आणि पाहुण्यांना फरक कळत नाही. चाळीस माणसांच्या जेवणाची जोखीम निखाऱ्यांवर कशाला? दुसऱ्या दिवशी पाहुण्यांशी बोलायला तरी डोळे उघडे हवेत.

---

आयडनची_सून | २१ मे

@ढवळून_निघालो, चवीत फरक आहे. चरबी थेंबाथेंबाने निखाऱ्यावर पडते आणि तिची वाफ पुन्हा मांसाला लागते, ती चव पेलेटमध्ये मला तरी मिळालेली नाही. पण दोन लहान मुलं असलेल्या घरात पेलेट वापरला तर मी नाव ठेवणार नाही.

---

मोजपट्टी | २१ मे

थोडं शास्त्र, कारण धागाकर्त्याला तासांचा हिशोब हवाय.

शोल्डरमध्ये कोलॅजेन भरपूर असतं. ते मऊ जिलेटिन व्हायला आच आणि वेळ दोन्ही लागतात. पोर्क ६३ अंश सेल्सियसला खायला सुरक्षित होतं, पण तेव्हा चामड्यासारखं चिवट लागेल. सुटं व्हायला आतलं तापमान ९३-९५ पर्यंत गेलं पाहिजे. पिट साधारण ११० ते १२० ला ठेवा.

आता महत्त्वाचं. आतलं तापमान ६५-७० च्या आसपास आलं की थर्मामीटरचा काटा अडकतो. तास, दोन तास, कधी चार तास हलत नाही. नवखा माणूस इथे घाबरून आच वाढवतो. ते करू नका. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि त्याने मांस गार होत असतं. माठातलं पाणी उन्हाळ्यात गार राहतं ना, अगदी तेच. पाणी कमी झालं की काटा आपोआप पुढे सरकतो. टेक्सासवाले या वेळी मांस कागदात गुंडाळतात, वेळ वाचतो.

प्रमाण: अख्खा शोल्डर सात किलोच्या आसपास धरला तर तीनांतून शिजलेलं दहा-अकरा किलो निघेल. चाळीस जणांना भरपूर. चौदा तास हाताशी ठेवा. लवकर झालं तर झाकून ठेवता येतं, उशीर झाला तर काहीच करता येत नाही.

---

गिरणगाव_ते_कॅरोलायना | २१ मे

@मोजपट्टी, खूप आभार. पहाटे चारला पॉप खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, आता ते झोपलंय, त्याला उठवू नकोस. तो तुमचा अडकलेला काटा होता हे मला आज कळलं!

@ढवळून_निघालो, तुमची काळजी समजते. पण ती रात्र सोडून मला हे करायचंच नाही.

---

जुनी_पानं | २३ मे

धागा आवडला. एक बाजू आली नाही, ती लिहितो.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश लोकांनी तो 'बार्बाकोआ' म्हणून उचलला. लाकडी मचाणावर मंद भाजणं मूळ रहिवाशांचं. पुढे व्हर्जिनिया-कॅरोलायनात मोठमोठे बार्बेक्यू होऊ लागले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीतही १७६९ मध्ये अशा एका मेजवानीची नोंद आहे. पण जमिनीत चर खणणं, लाकूड तोडणं, रात्रभर निखारे पसरणं, ही कामं बहुतेक ठिकाणी गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांनी केली. दक्षिणेतल्या पिटचं कसब त्यांच्या हातांत वाढलं. १९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनमध्ये मुक्तीचा हुकूम वाचला गेला. त्याची आठवण म्हणून टेक्सासातली कृष्णवर्णीय कुटुंबं जूनटीन्थला, म्हणजे १९ जूनला, बार्बेक्यू आणि लाल रंगाचं सरबत करत आली. २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे.

आणि बर्मिंगहॅमचं ऑलीज बार्बेक्यू. तिथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आत बसू देत नसत, फक्त बांधून देत. असा भेदभाव बंद करणारा नागरी हक्क कायदा आल्यावर मालक न्यायालयात गेले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की कायदा तुम्हालाही लागू आहे, कारण तुमच्या खरेदीतला ४६ टक्के माल म्हणजे राज्याबाहेरून आलेलं मांस आहे, आणि राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्राचा कायदा चालतो. मांसाच्या हिशोबावर माणसांना टेबलाशी बसायचा हक्क मिळाला. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास माहीत असलेल्याला हे वाचताना पोटात कालवतं.

आजचं नाव सांगायचं तर साउथ कॅरोलायनाच्या हेमिंग्वे गावचे रॉडनी स्कॉट. आईवडिलांच्या दुकानात अकराव्या वर्षी पहिलं अख्खं डुक्कर भाजलं, २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड हा पाककलेतला मानाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडेही तुमच्या पॉपसारखीच निखाऱ्यांची पिंपं.

---

गिरणगाव_ते_कॅरोलायना | २३ मे

@जुनी_पानं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पॉपनी हे काम कुणाकडून शिकलं ते मी लिहायला हवं होतं. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या रंध्यावर एक वयस्कर कृष्णवर्णीय सुतार होते. दर शनिवारी पॉप त्यांच्या पिटवर जायचे. त्या काळी दोघांना गावातल्या हॉटेलात एका टेबलाशी बसता येत नव्हतं, म्हणून ते पिटपाशीच जेवायचे. दर ४ जुलैला जेवणाआधीच्या प्रार्थनेत पॉप त्यांचं नाव घ्यायचे. मी लहान असताना मला वाटायचं, ते कुणी संत असतील.

---

फक्त_फोडणी | २४ मे

मी पक्की शाकाहारी, तरी अख्खा धागा वाचला. यलो स्लॉची कृती द्या ना!

(आणि शाकाहाऱ्यांना सूचना: दक्षिणेत बीन्स आणि कोलार्डच्या भाजीत बऱ्याचदा डुकराचा तुकडा असतो. विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका. हश पपीही (मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे) कशात तळल्यात ते विचारा. बनाना पुडिंग मात्र मनसोक्त खा.)

---

गिरणगाव_ते_कॅरोलायना | २४ मे

@फक्त_फोडणी, आईला फोनवर विचारून लिहितोय. कोबी अगदी बारीक चिरायचा, किसायचा नाही. मीठ, साखर, लिंबू लावून ठेवायचं. तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच कोबीवर घालायची, नाहीतर कोबी मऊ पडतो. दाण्याचं कूट वाढताना.

---

डेकेटरवाला | २६ मे

अलाबामाची पांढरी सॉस कुणीच काढली नाही? मेयोनेज, व्हिनेगर, मिरी. १९२५ पासून बिग बॉब गिब्सनच्या घरची. कोंबडीवर घालून बघा, मग बोलू.

---

पुणेरी_पाऊस | २ जुलै

धागा वर काढतेय. परवा ४ जुलै. लाकूड आलं का? हवामान बघितलंत का?

---

गिरणगाव_ते_कॅरोलायना | २ जुलै

लाकूड आलं, ओक जास्त, हिकरी कमी. ब्लॉक पुन्हा रचले. मीठ उद्या संध्याकाळी. पावसाची शक्यता आहे, पत्रा तयार ठेवलाय.

---

गिरणगाव_ते_कॅरोलायना | ७ जुलै

मंडळी, झालं. नीट झोपून मग लिहितोय.

रात्री दहाला पिंप पेटवलं. मी, माझी मुलगी आणि पॉपची नात. ती ओहायोहून आली होती, मी तिला दहा वर्षांनी पाहिलं. अडीचला पाऊस आला, अर्धा तासच, पण पिंपावर पत्रा धरून उभं राहावं लागलं. त्यात आच उतरली आणि मला कळेना किती निखारे घालू. थर्मामीटर होता, पण तो मांसात खुपसलेला. जाळीजवळची आच बघायला पॉपच्या नातीने हात पुढे केला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. कॅरोलायनाच्या हेलात, पण स्वच्छ मराठी. अकरापर्यंत गेली. मी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? म्हणाली, पिटचे आकडे असेच असतात, पॉपनी शिकवले. ही दुसरी भाषा आहे हे तिला माहीतच नव्हतं. माझी मुलगी, जिला घरी मराठी बोलायचा कंटाळा येतो, ती पुढे 'बारा, तेरा' शिकवत बसली. मी फावडं घेऊन पिंपाकडे गेलो, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

काटा पहाटे चारला अडकला आणि साडेसातला सुटला. @मोजपट्टी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी नक्की घाई केली असती. साडेबाराला हाड ओढलं, स्वच्छ निघून आलं. चौदा तासांहून जास्त लागले. लोक तासभर थांबले, मुलांनी हश पपी संपवल्या.

बाहेरचा काळपट, कडक भाग, ज्याला इथे आउटसाइड ब्राउन म्हणतात, तो पहिला ग्रॅनीला द्यायचा असतो. तिने खाल्ला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मीठ कमी आहे. आणि आणखी मागितला. प्रार्थनेत पॉपचं नाव घेतलं, आणि त्यांच्या गुरूंचंही. ती नावं या वर्षी मी घेतली.

आईला आता चिरायला जमत नाही, कोबी मुलीने चिरला. आईने तिला तीनदा पुन्हा बारीक करायला लावला.

सप्टेंबरमधल्या लेबर डेला पुन्हा करायचं ठरलंय. हिकरी पूर्ण संपली. कुणाला डेव्हिडसन काउंटीच्या आसपास लाकूडवाला माहीत असेल तर सांगा.

---

चुलीपाशी | ७ जुलै

पिटचे आकडे. हे वाचून उठून जरा बाहेर फिरून आले.

---

लोन_स्टार_लेले | ७ जुलै

मीठ दुप्पट करा. ग्रॅनी बरोबर आहे.

---

आयडनची_सून | ८ जुलै

सासऱ्यांना हे सगळं भाषांतर करून वाचून दाखवलं. वसंतातल्या वादळात आमच्या शेतात एक मोठी हिकरी पडली. ते म्हणाले, त्याला ट्रक घेऊन यायला सांग. मात्र लाकूड अजून ओलं आहे, लेबर डेला चालणार नाही. आत्ता फोडून रचून ठेवलं तर पुढच्या ४ जुलैला होईल. येताना यलो स्लॉ आणा. पत्ता निरोपात पाठवतेय.